उचललेलं छप्पर

एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसलेल्या माणसाला ऊन भिंतीतून लागत नाही, डोक्यावरून लागतं. मराठवाड्यात किंवा खानदेशात ज्यांनी पत्र्याच्या वर्गात दुपारची शाळा केली आहे, त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. पत्रा जेमतेम नखाएवढा जाड असतो. उन्हात तो काही मिनिटांत बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि मग दोन वाटांनी खालच्या माणसांना त्रास देतो. त्याला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि बाहेर पडायला जागा नसल्यामुळे वरच साचून राहते. दुपार चढेल तसा तो गरम हवेचा थर खाली उतरत येतो. शिवाय तापलेला पत्रा स्वतःच धग फेकत असतो. ही धग हवेला न जुमानता थेट डोक्या-खांद्यांपर्यंत पोचते. म्हणूनच पत्र्याच्या खोलीत पंखा लावूनही समाधान होत नाही. पंखा हवा हलवतो, धग अडवणं त्याला जमत नाही.

तरीही पत्रा वाईट म्हणून मोकळं होता येत नाही. तो स्वस्त आहे, हलका आहे, पाऊस पक्का अडवतो, दोन माणसं सायकलवरून घेऊन जाऊ शकतात. गरीब मुलखात पत्र्याला पर्याय शोधण्यापेक्षा त्याच्याशी जुळवून कसं घ्यायचं हा प्रश्न जास्त खरा आहे. त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात, गांदो नावाच्या गावात आहे. तिथली प्राथमिक शाळा २००१ साली बांधून झाली. तिचे वास्तुविशारद दिएबेदो फ्रान्सिस केरे तेव्हा बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकत होते. पदवी त्यांच्या हातात पडली २००४ मध्ये. त्याच वर्षी या शाळेला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे २०२२ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुविशारद ठरले.

वास्तुविशारद आपल्या तत्त्वांविषयी बरंच बोलतात आणि ते ऐकायला चांगलंही वाटतं. पण एखाद्याची मूल्यं खरोखर तपासायची असतील तर इमारतीतले निर्णय बघावेत: काय विकत आणलं, काय गावात तयार केलं, कोणाला काय शिकवलं, आणि पाच वर्षांनी काही मोडलं तर दुरुस्त कोण करणार. गांदोच्या शाळेत हे सगळं उघड दिसतं, कारण तिथे झाकायला काही नाही. म्हणून ती खालून वर, बांधल्या क्रमाने पाहू.

आधी माणूस. केरे यांचा जन्म १९६५ चा, गांदोच्या मुखियांचे थोरले चिरंजीव. गावात शाळा नव्हती, म्हणून सातव्या वर्षी त्यांना तेंकोदोगो या मोठ्या गावी काकांकडे शिकायला ठेवलं. तिथला वर्ग सिमेंटच्या ठोकळ्यांचा, उजेड कमी, वारा नाही आणि आत शंभरावर मुलं. आपण कधीतरी याहून चांगली शाळा करू, हे तिथे बसून त्यांच्या मनाने घेतलं. १९८५ मध्ये सुतारकाम शिकण्याची शिष्यवृत्ती मिळून ते जर्मनीला गेले. दिवसा छपरं आणि सामान करायला शिकायचं, रात्रीच्या शाळेत माध्यमिक शिक्षण पुरं करायचं, असा तो काळ. १९९५ मध्ये वास्तुकलेच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला तेव्हा ते तिशीचे होते. आधी सुतार आणि मग वास्तुविशारद, हा क्रम महत्त्वाचा आहे. छपरापाशी पोचल्यावर त्याचं कारण कळेल.

त्यांनी सांगितलेली एक आठवण अशी: सुट्टी संपवून गाव सोडताना बायका एकेक करून निरोपाला यायच्या आणि कपड्यात बांधून ठेवलेलं शेवटचं नाणं त्यांच्या हातावर ठेवायच्या. असं का, म्हणून त्यांनी आईला विचारलं. तुझ्या शिक्षणाला हातभार म्हणून, शिकून तू परत यावंस आणि गावाचं काही करावंस म्हणून, असा तिच्या सांगण्याचा अर्थ होता. इतक्या लवकर घर सोडलेल्या माणसावर या नाण्यांचं ओझं किती असेल, याची कल्पना आपल्याकडच्या वसतिगृहात शिकलेल्या पुष्कळांना येईल.

१९९८ मध्ये त्यांनी गांदोच्या शाळेसाठी जर्मनीत एक संस्था काढली आणि पैसे जमवायला सुरुवात केली. पैसे थोडे होते. ते ठेकेदाराच्या हाती देऊन सिमेंटच्या ठोकळ्यांची, तेंकोदोगोला होती तशीच शाळा बांधता आली असती. बुर्किना फासोला समुद्रकिनारा नाही. बाहेरचा माल शेजारच्या देशांतून लांबचा प्रवास करून येतो आणि त्याचा भाव वाढलेला असतो. जमलेल्या रकमेचा मोठा भाग असा गावाबाहेर गेला असता. केरे यांनी माती निवडली.

गावाला ते पटलं नाही. हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण मातीच्या वास्तुकलेविषयी लिहिणारे बहुधा तो घाईने ओलांडतात. गांदोच्या लोकांना माती माहीत होती, म्हणूनच ती नको होती. मातीचं घर दर पावसाळ्यात खचतं, दर वर्षी लिंपावं लागतं. जर्मनीहून शिकून आलेल्या मुलाने तेच परत द्यावं याला काय अर्थ? हा आक्षेप अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. आपल्याकडे मातीच्या घरात जन्म काढलेली माणसं स्लॅबचं स्वप्न बघतात तेही याच अनुभवातून. त्यांना मातीचं सौंदर्य समजावत बसणं उद्धटपणाचं होईल. माती का खचते याचं उत्तर शोधणं, एवढंच बांधणाऱ्याच्या हाती असतं.

ते उत्तर असं. मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी लागलं की फुगतात, वाळले की आकसतात. हे वारंवार झालं की भिंतीला भेगा पडतात आणि भेगांतून आणखी पाणी शिरतं. पाणी येतं तीन दिशांनी: वरून पावसाचं, जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्याशी उडणारं आणि पायातून वर चढणारं. तेव्हा उपायही तीन हवेत. पायात दगड, म्हणजे ओल चढत नाही. भिंतींच्या बऱ्याच पुढे आलेलं छप्पर, म्हणजे पाऊस भिंतीला लागत नाही आणि पागोळ्या दूर पडतात. आणि विटेतच थोडं सिमेंट.

ही वीट म्हणजे भाजलेली वीट नव्हे. माती चाळून तिच्यात थोडं सिमेंट आणि बेताचं पाणी मिसळायचं, ते मिश्रण हाताच्या यंत्रात घालायचं आणि लांब दांड्यावर भार देऊन दाबायचं. अशा यंत्राचा जुना, प्रसिद्ध नमुना म्हणजे १९५० च्या दशकात कोलंबियात तयार झालेलं सिन्वा-राम. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही १९७० च्या दशकापासून या तऱ्हेच्या विटांवर काम झालं आहे. दाबल्यामुळे मातीतल्या पोकळ्या कमी होतात, पाणी शिरायला जागा कमी उरते. सिमेंट कणांना एकमेकांशी धरून ठेवतं, त्यामुळे ओल लागली तरी ते सुटे होत नाहीत. अशा विटांत सिमेंटचं प्रमाण साधारणपणे शेकडा पाच ते दहा. वीट दाबून झाली की ती सावलीत ठेवायची आणि सिमेंट पक्कं होईपर्यंत ओली राखायची. उन्हात घाईने वाळवली तर ती कच्ची राहते. भट्टी लागत नाही, म्हणजे लाकूडही लागत नाही, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या त्या कोरड्या पट्ट्यात ही बचत लहान नाही.

पायासाठीचे दगड गावातल्या मुलांनी वेचून आणले. विटांसाठी लागणारं पाणी बायकांनी वाहून आणलं. विटा पाडायला, भिंत रचायला तरुण पुढे आले. श्रमदान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एका दिवसाचा कार्यक्रम येतो. इथे काम शिकवलं जात होतं आणि शिकलेला माणूस पुढच्या बांधकामावर उपयोगी पडणार होता. फरक मोठा आहे.

भिंती उभ्या राहिल्या की आपण छतापाशी येतो. शाळेची खरी युक्ती इथे आहे. नेहमीच्या पत्र्याच्या वर्गात भिंतीवर कैच्या, कैच्यांवर पत्रा आणि खाली मुलं, असा सरळ मामला असतो. केरे यांनी छत आणि छप्पर वेगळं केलं. वर्गाच्या रुंदीत काँक्रीटच्या तुळया टाकल्या, तुळयांवर आडव्या लोखंडी सळया ठेवल्या आणि सळयांवर त्याच मातीच्या विटा मांडल्या. हे झालं छत. त्यात फटी ठेवल्या. त्याच्या वर, मध्ये मोकळी जागा सोडून, लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचं छप्पर उचललं. पत्रा भिंतींना टेकतच नाही. बाजूंनी सगळीकडून उघडा आहे.

आता एक दुपार पाहा. ऊन पत्र्यावर पडतं, पत्रा तापतो, खाली धग फेकतो. पण ती मुलांपर्यंत पोचत नाही. विटांचं छत मध्ये आहे. विटा जाड आणि जड असल्यामुळे त्या सावकाश तापतात. पत्र्याखालची हवाही तापते, पण साचत नाही, कारण चारही बाजू मोकळ्या आहेत. वारा आला की तिला घेऊन जातो आणि वारा पडला असला तरी ती कडेने वर निसटते. वर्गात मुलांच्या अंगाची उष्णता असतेच. बसलेलं प्रौढ माणूस शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतं, मूल त्याहून कमी. पन्नास मुलं मिळून तीन-चार हजार वॅट सहज होतात. या उष्णतेने गरम झालेली हवा वर चढते आणि छतातल्या फटींतून पत्र्याखालच्या पोकळीत जाते, तिथून वाऱ्याबरोबर बाहेर. तिची जागा घ्यायला खिडक्यांतून सावलीतली हवा आत येते. खिडक्यांना काचा नाहीत, लोखंडी झडपा आहेत. ऊन आणि धूळ अडवायला मिटायच्या, वाऱ्यासाठी उघडायच्या. पत्रा जितका तापेल तितका त्याखालचा ओढा वाढतो. उन्हाचाच उपयोग हवा हलवायला केला आहे. गावात वीज नव्हती, त्यामुळे हे सगळं तारेशिवाय चालणं भागच होतं.

जाड भिंती आणि जड छत दिवसभर उष्णता शोषतात, ती जाते कुठे? रात्री हळूहळू बाहेर पडते. घराच्या बाबतीत ही अडचण असते. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदाच्या घरांत दुपारी गारवा असतो, पण उन्हाळ्यात माणसं रात्री माळवदावर झोपायला जातात, ती यासाठीच. शाळा रात्री रिकामी असते. भिंतींनी आपली उष्णता कोणालाही त्रास न देता सोडावी आणि सकाळची घंटा होईपर्यंत थंड व्हावं, याला शाळेसारखी इमारत नाही. इमारत कोण, किती वाजता वापरणार हे धरून तिचं साहित्य ठरवलं की असं जुळून येतं.

छपराचा सांगाडा हा मला सगळ्यांत आवडणारा भाग. पत्रा उचलायचा तर मोठ्या अंतरावर पसरणारी कैची हवी. कारखान्यात तयार केलेल्या जड लोखंडी कैच्या आणायच्या तर ट्रक हवा आणि चढवायला क्रेन. गांदोत दोन्ही परवडणारं नव्हतं. लाकूड दुर्मीळ, शिवाय वाळवी. मग बाजारात कुठेही मिळणारी, काँक्रीटमध्ये घालायची साधी सळई आणली, ती हाताच्या करवतीने कापली आणि लहानशा वेल्डिंग यंत्राने जोडून जागेवरच सांगाडे तयार केले. एकटी सळई बारीक असते, वाकते. पण तिचे त्रिकोण करत गेलं की चित्र बदलतं. चौकोनाच्या कोपऱ्याला ढकललं तर तो तिरका होतो. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून त्रिकोणांच्या साखळीत प्रत्येक तुकड्याला फक्त ताण किंवा दाब सोसावा लागतो, वाकायची पाळी येत नाही आणि बारीक सळईही मोठं अंतर पेलते. छपराचं हे गणित सुताराच्या हाताला ठाऊक असतं. जर्मनीतल्या कार्यशाळेत शिकलेली गोष्ट इथे, लाकडाऐवजी सळईत उतरली.

करवत आणि लहान वेल्डिंग यंत्र ही निवड नीट पाहण्यासारखी आहे. याहून अवजड साधन निवडलं असतं तर काम लवकर झालं असतं, पण काम संपल्यावर ते साधन आणि ते चालवणारा माणूस दोघेही निघून गेले असते. इथे गावातल्या माणसांना तेच शिकवलं गेलं, जे त्यांच्याजवळ मागे राहील. सांगाड्याचा एखादा जोड सुटला तर तो पुन्हा जोडणारा माणूस गावातच आहे.

आराखड्याविषयी थोडक्यात. तीन वर्ग एका ओळीत, पण एकमेकांना चिकटून नाहीत. दोन वर्गांच्या मध्ये छपराखालची मोकळी जागा आहे. तिथे बाहेरचा वर्ग भरतो, मुलं खेळतात, एका वर्गातला गलका दुसऱ्यात जात नाही आणि प्रत्येक वर्गाला जास्त बाजूंनी वारा मिळतो. तिन्हींवर एकच लांब पत्रा. जमीन मातीची: बायकांनी एकत्र बसून ती तालात चोपली आणि दगडाने घासून गुळगुळीत केली. हे कौशल्य गावात पिढ्यान्‌पिढ्या होतं. नव्या इमारतीत त्याला जागा मिळाल्यामुळे शाळा बायकांच्याही हातची झाली.

पुढच्या बांधकामांत हीच रीत वाढत गेली. २००४ मध्ये शिक्षकांची घरं झाली, कारण आडगावात शिक्षक टिकायचा तर त्याला राहायला बरं घर हवं. शाळा बांधणारे पुष्कळदा हे विसरतात. २००८ च्या विस्तारात छत सपाट न ठेवता विटांच्या कमानीचं केलं. ग्रंथालयाच्या छतासाठी गावातल्या बायकांनी घरची मातीची मडकी आणली. त्यांची तोंडं-बुडं कापून ती छताचं काँक्रीट ओतताना त्यात बसवली. त्या गोल भोकांतून उजेड आत येतो आणि गरम हवा बाहेर जाते. एवढ्यासाठी वेगळं काही विकत आणावं लागलं नाही.

हे सगळं वाचून कोणाला लातूर-धाराशिवच्या एखाद्या शाळेवर तसंच छत करावंसं वाटेल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: तसंच करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदं अंगावर कोसळून. गांदोचा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने शांत आहे. तिथे डोक्यावर सळयांवर मांडलेल्या विटा चालतात. आपल्या त्या पट्ट्यात भिंतींना जोत्याशी, लिंटेलशी आणि छपराशी काँक्रीटचे सलग पट्टे हवेत आणि छत हलकं हवं, बांबूच्या तट्ट्याचं म्हणा किंवा दुसऱ्या कशाचं. हलकं छत जड छताइतकी उष्णता साठवणार नाही, पण पत्र्याची धग अडवण्याचं काम ते करतं, आणि वरची हवा बाहेर जाऊ देणारी मोकळी जागा तर वजनाशिवायच मिळते. उचललेला पत्रा वादळात उडू नये म्हणून तो भिंतीपर्यंत नीट बांधून ठेवणं हे वेगळं काम, आणि ते टाळता येत नाही. केरे यांनी जर्मनीत पाहिलेली शाळा गांदोत आणली नाही. गांदोची शाळा किल्लारीत आणणं त्यांच्याच विचाराला धरून होणार नाही.

गांदोत शाळा सुरू झाली तेव्हा शे-सव्वाशे मुलं होती. विस्तार होत होत संख्या सातशेवर गेली. शेजारच्या दोन गावांनी गांदोचं पाहून, लोकांनी एकत्र येऊन आपापल्या शाळा बांधल्या. प्रशासनाने शिक्षक दिले, त्यांचे पगार दिले आणि गांदोच्या कामावर तयार झालेल्या तरुणांना शहरातल्या सार्वजनिक बांधकामांवर घेण्यासाठी प्रयत्न केले. शाळेचं देखणेपण पुरस्कार देणाऱ्यांना दिसलंच. पण ज्यांच्या हातांनी विटा दाबल्या त्या तरुणांना त्या कामाची मजुरी मिळू लागणं, हे मला त्या आराखड्याचं सगळ्यांत मोठं यश वाटतं.